परराष्ट्र खात्यातली तिसरी खुर्ची

आमच्या परराष्ट्र खात्यात तीन खुर्च्या आहेत.
एकीवर सचिव, एकीवर पंखा,
तिसरीवर मी, सेलुका :
टंकलेखन, टपाल,
आणि पाहुणे आले तर चटया झटकणं.

सोमवारी सकाळी नऊला मी त्यांच्या राजधानीला फोन लावते
तेव्हा तिथे अजून काल असतो.
रविवारात फोन कोण उचलणार?
म्हणून मंगळवारी लावते.
कुठून बोलताय, विचारतात.
सांगते.
स्पेलिंग सांगा.
सांगते. तेरा वर्षं सांगते आहे.

त्यांनी भेट दिलेल्या नकाशांच्या पुस्तकात
आमचा समुद्र बरोबर मधल्या पानावर येतो
आणि आम्ही जिथे, तिथे पिन.
सचिवांनी नखाने ती उचकटली.
खाली दोन भोकं.
चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
हं, म्हणजे आपण ह्यांच्या मधे कुठेतरी.

राजदूत वर्षातून एकदा.
पाच देशांना मिळून एकच आहेत ते,
त्यामुळे घाईत असतात.
सायरन वाजतो, पोरं धावपट्टीवरून चेंडू उचलतात,
कुणाचं तरी डुक्कर शेवटपर्यंत हटत नाही,
विमान एक घिरटी जास्त घालतं.
फालानिको शहाळं सोलून पुढे करतो.
आमच्याकडे येणाऱ्यालाही नारळ, जाणाऱ्यालाही नारळ,
त्यातून कुणी काय समजायचं ते समजावं.
मग सभाघरात भाषण.
आमच्या देशाचं नाव घेताना
राजदूत शेवटचं अक्षर गिळतात,
आणि पहिल्या रांगेतली म्हातारी टेउलेआला
ते मोठ्याने म्हणते,
सांडलेलं उचलून ठेवावं तसं.

भिंतीचं वचन त्याच सभाघरातलं.
दोनशे मीटर, समुद्राच्या बाजूने,
सिमेंट त्यांचं, खडी त्यांची,
उद्घाटनाची रिबीनसुद्धा त्यांनीच आणलेली.

मग एका रात्री फोन त्यांचा आला.
कधी नव्हे ते आमच्या उद्यात.
नाव बरोबर उच्चारलं, शेवटच्या अक्षरासकट,
तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला.
विहिरींचं विचारलं. खारट झाल्या का?
टारोच्या खड्ड्यांचं विचारलं.
माझ्या आईचं विचारलं!
आणि मग ठरावाचं :
कुठल्याशा तिसऱ्याच देशाच्या बंदराबद्दल,
शुक्रवारी, त्या मोठ्या सभागृहात,
जिथे आमचा हात आणि त्यांचा हात
एकाच लांबीचा मोजतात.

सचिव रात्रभर खाडीच्या काठाने चालले.
त्या बंदरात त्यांचा मेहुणा
दोन वर्षं जहाजावर होता, आजारी पडला,
तिथल्या कुणा बाईने त्याला पेज भरवली होती.
हे काही परराष्ट्र धोरण नव्हे,
ते स्वतःच म्हणाले.
भिंत तेव्हा नव्वद मीटरवर आलेली.
पहाटे ओल्या विजारीने येऊन म्हणाले, लिही,
आपल्या प्रतिनिधीला लिही :
मतदानाच्या वेळी तहान लागू दे.

पेनिताला भाड्याच्या सुटात उठला,
बाहेर गेला,
दोन पेले पाणी प्यायला.
सांगत होता नंतर, फार गोड पाणी होतं,
आणि नळ बंदच होत नव्हता.

त्या वर्षी राजदूत आले नाहीत.
चटया झटकल्या, पुन्हा गुंडाळल्या.
सिमेंटचं जहाज कुठे अडकलं ते कळलं नाही.
भिंत टेउलेआलाच्या घराच्या अलीकडे सतरा पावलांवर संपते,
लोखंडी सळया बाहेर,
तिने त्यांवर मासळी वाळत घातली आहे.
भरतीला पाणी भिंतीच्या टोकाशी येतं,
वळतं,
आणि तिच्या दारातून आत येतं
ओळखीचं असल्यासारखं.
ती सचिवांना काही बोलत नाही.
मला मात्र एकदा म्हणाली,
दोन पेले कशाला, एक पुरला असता.

आज मंगळवार. फोन लावला.
कुठून बोलताय? स्पेलिंग सांगा.
थांबा म्हणाले.
सचिवांनी पंख्याआडून विचारलं,
काय म्हणतायत?
गाणं लावलंय.
बरं आहे का?
कालचंच आहे, म्हटलं मी,
आणि रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.